रिकाम्या गावातल्या तीन विहिरी

वाचकांच्या न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात मी आजवर लिहिले ते फक्त प्रतिक्रियांच्या रकान्यात, आणि तेही बहुतेक वेळा दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढण्यासाठी. कोणी छातीवर ओझे जाणवल्याचे लिहिले की मी झोप आणि जाग यांच्यामधल्या अवस्थेची माहिती द्यायची. माळ्यावर पावले वाजली की उदमांजर सुचवायची. काही वाचकांना माझा राग यायचा, तो रास्तच होता. कारण मी उत्तर देताना समोरच्या माणसाला भीती वाटली होती, ही गोष्ट हिशेबातच धरत नसे.

आज मी स्वतः लिहिते आहे. मी काही पाहिले नाही, काही ऐकले नाही. माझ्याकडे आहेत त्या यंत्रांनी केलेल्या नोंदी. त्यांचा अर्थ मला लागलेला नाही, आणि त्यांच्याबाबतीत मी जे केले ते मला विसरता येत नाही.

माझा विषय भूजलशास्त्र. पुण्यातल्या एका संस्थेत मी करारावर संशोधन करत होते. करार संपत आला होता आणि मला नोकरीपेक्षा स्वतःची पाणी तपासणी प्रयोगशाळा हवी होती. जागा मी सिंधुदुर्गात हेरली. गावाचे नाव देत नाही. कसालहून मालवणकडे जाताना एक फाटा फुटतो, त्या फाट्याने पाच-सहा किलोमीटर आत, खाडीच्या अलीकडे हे गाव आहे. पूर्वी तिथे एक किराणा दुकान आणि एक पिठाची गिरण होती. आता होमस्टेंच्या पाट्या, एटीएम, इंग्रजी माध्यमाची शाळा... आणि वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चुन्याने आखलेली बंगल्यांची मोठी योजना. एवढी माणसे येणार म्हणजे पाणी लागणार, पाणी लागणार म्हणजे ते तपासावे लागणार. माझे गणित साधे होते.

राहण्याची जागाही ठरल्यासारखी होती. फिलोमिना बाई – गावाच्या फिलूबाई – प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. कौलारू घर, अंगणात पांढरा खुरीस म्हणजे क्रूस, मागे चिऱ्यांनी बांधलेली गोड्या पाण्याची विहीर. मुलगा म्हापशाला. त्याचे म्हणणे, जागा योजनेला देऊन टाक आणि आमच्याकडे ये. बाईंना जायचे नव्हते. पुढच्या दोन खोल्या आणि पडवी मी भाड्याने घेतली, तर घरात सोबत झाली असे मुलाला सांगता येणार होते. त्याने नाताळपर्यंतची मुदत दिली होती. म्हणजे मी हो म्हटले तर बाई त्यांच्या घरात राहणार होत्या, नाही म्हटले तर म्हापशाला जाणार होत्या. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

माझा एकच प्रश्न उरला होता. या गावात मुळात पाणी किती आहे? तोच प्रश्न सरपंचांनाही होता. योजनेचा अर्ज पंचायतीपुढे पडून होता आणि गावातल्या विहिरी हा भार सोसतील का, याचे उत्तर त्यांना कोणीतरी लिहून द्यायला हवे होते. मी म्हटले, मी देते.

विहिरीला खरे पाणी किती सुटते हे मोजायचे, तर आसपासचा सगळा उपसा दोन-तीन दिवस थांबवावा लागतो. कोणत्याही नांदत्या गावात हे अशक्य असते. मी हे बोलले तेव्हा सरपंच हसले आणि म्हणाले, "मॅडम, आमचे गाव मार्गशीर्षात तीन दिवस बंदच असणार आहे. देवाने कौल दिला आहे."

गावपळण. सिंधुदुर्गातल्या मोजक्या गावांत ही प्रथा आहे. तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल झाला की सगळे गाव घरांना कुलपे लावून, गुरे, कुत्री, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर पडते. तीन दिवस, तीन रात्री आत कोणी पाऊल टाकत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परततात. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती – सगळे जातात. या तीन दिवसांत गाव दुसऱ्यांचे असते, असे म्हातारी माणसे सांगतात. 'दुसरे' म्हणजे कोण, हे कोणी सांगत नाही.

मला त्या दुसऱ्यांशी कर्तव्य नव्हते. अख्ख्या गावाचा उपसा तीन दिवस थांबणार, एवढेच मला ऐकू आले. जगातल्या कोणत्या भूजल अभ्यासकाला असा प्रयोग फुकट मिळतो? शोधनिबंधाचे शीर्षकसुद्धा माझ्या मनात तयार झाले.

मी तीन विहिरी निवडल्या : फिलूबाईंची, देवळाची आणि बाजारातली सार्वजनिक. तिघींत मिळून दीड-दोन किलोमीटरचे अंतर. प्रत्येकीत एक लॉगर सोडला. वीतभर लांबीची ही स्टीलची नळी दर मिनिटाला पाण्याची पातळी नोंदवते. आधीचे तीन आठवडेही नोंदी घेतल्या, त्यामुळे गावाचा रोजचा उपसा आलेखात कसा दिसतो हे मला पाठ झाले होते. पंप सुरू झाला की रेषा घसरगुंडीसारखी सरळ खाली, बंद झाला की हळूहळू वर. गावात आता सगळीकडे पंप आहेत. रहाट आणि दोर या विहिरींवरून कधीच गेले. बाजारातल्या विहिरीवर तर लोखंडी जाळी आहे, कुलूप असलेली.

निघण्याच्या सकाळी फिलूबाई पिंजऱ्यात कोंबड्या भरत होत्या. मी विचारले, तुम्ही ख्रिस्ती, तुम्हांला काय हे बंधन?

"गाव माजो न्हय काय?" त्या म्हणाल्या. "कोंब्यो सुदां चलल्यो. मगे मी एकटी घरात बसान कोणावांगडा गजाली मारू? तुज्या मशीनीवांगडा?"

मी घरातला मेन स्विच स्वतः बंद केला. पंपाची खोली बंद केली. दुपारपर्यंत नदीपलीकडच्या माळावर राहुट्या उभ्या राहिल्या होत्या, चुली पेटल्या होत्या, भजनाचा ढोलकीवाला शोधला जात होता. ते तीन दिवस मजेत गेले, हे मी मुद्दाम नोंदवते. मला वाईट स्वप्न पडले नाही, कुत्री रडली नाहीत. शेजारच्या राहुटीतल्या बायका मला 'पाण्याची डॉक्टरीण' म्हणून चिडवत आणि माशाची आमटी वाढत. सड्यावरच्या योजनेचा रखवालदारही तिथेच होता, पत्ते कुटत. वेशीवर तरुण मंडळींचा पहारा होता. आत कोणी गेले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कौल मिळाला आणि आम्ही परतलो. मी सरळ मागच्या दारी विहिरीकडे गेले. विहिरीभोवतीचे चिरे ओले होते. दव म्हणावे तर अंगणातली माती कोरडी होती, आणि ऊन चांगले वर आले होते. फिलूबाई माझ्या मागून आल्या. त्यांनी खाली पाहिले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि चिऱ्यांना वळसा घालून, कडेकडेने घरात गेल्या. मी विचारले, हे पाणी कुठून आले? त्या न थांबता म्हणाल्या, "पाण्याक कोणाक नाय म्हणूक नये, गो."

दुपारी त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर मी नोंदी लॅपटॉपवर उतरवल्या. अपेक्षा अशी की रेषा चढत जाईल आणि एका उंचीवर स्थिरावेल. रेषा उतरत गेली होती. आणि घसरगुंडीसारखी नव्हे – पायऱ्यापायऱ्यांनी. एक छोटी पायरी, मिनिट-दोन मिनिटांची उसंत, पुन्हा पायरी. पहाटे साडेपाचपासून साडेआठपर्यंत, मग दुपारचा खंड, मग चारपासून दिवेलागणीपर्यंत. रात्री काही नाही. माणसे नांदतात त्या घरांतल्या पाणी भरण्याच्या वेळा. प्रत्येक पायरी जवळपास सारखी. विहिरीचा व्यास ठाऊक असल्याने आकारमान काढता आले. बारा लिटरच्या आसपास. एक कळशी.

मी दुसरी विहीर उघडली. तिसरी उघडली. तिथेही तेच.

मग मी मला येते ते सगळे केले. भरती-ओहोटीने खाडीकाठच्या विहिरींची पातळी हलते, पण लाटेसारखी, पायऱ्यांनी नव्हे. हवेच्या दाबाची नोंद मी वेगळी ठेवली होती; ती वजा केली, पायऱ्या तशाच राहिल्या. यंत्र बिघडले म्हणावे तर तीन वेगळी यंत्रे एकाच तऱ्हेने, त्याच वेळांना कशी बिघडतील? कोणी मागे राहिले असेल म्हणावे तर एक माणूस एका मिनिटाला तीन विहिरींवर असू शकत नाही, आणि कुलपाच्या जाळीतून कळशी जात नाही. शेवटी मी माळ्यावरची तांब्याची कळशी काढली, दोर आणला आणि स्वतः दहा कळश्या ओढल्या. लॉगरने दहा पायऱ्या नोंदवल्या. माझ्या पायऱ्या आणि त्या पायऱ्या शेजारी ठेवल्या तर वेगळ्या ओळखता येत नव्हत्या.

एकूण उपसा मोजला. गाव असताना पंपांनी जेवढे पाणी निघते, साधारण तेवढेच गाव नसताना हाताने निघाले होते.

फिलूबाईंना आलेख समजावून सांगावा लागला नाही. आडवा अक्ष, उभा अक्ष, एकक – त्यांनी शिक्षिकेच्या क्रमाने विचारले. मग चष्मा काढून ठेवला. त्यांचे वडील गावपळणीला निघताना विहिरीवर नवा दोर बांधून कळशी पालथी घालून जात, हे त्यांनी तेव्हा सांगितले. पंप आल्यावर ते राहून गेले. भीती त्यांच्या आवाजात नव्हती, असलीच तर काळजी होती.

"मगे दोन गाव पितत ह्यां पाणी," त्या म्हणाल्या. "एक आमी आसताना, एक आमी नसताना. आणि ह्येंका सड्यार तिसरो वसवूचो आसा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जां दिसलां तां लिही. तुजां काम तितक्यांच."

त्यांचे बरोबर होते. कोणी उपसले हे लिहिण्याची गरजच नव्हती. 'तीन दिवसांत पातळी वाढली नाही, घटली. अतिरिक्त पाणी उपलब्ध असल्याचे दिसत नाही' – एवढी दोन वाक्ये पुरेशी होती, आणि ती शंभर टक्के खरी होती. पण अहवालाबरोबर आलेख जोडावा लागतो. आलेख जोडला की कोणीतरी विचारणार, मॅडम, गाव रिकामे होते ना? मग या पायऱ्या कसल्या? माझ्या संस्थेतले लोक विचारणार, योजनेचा सल्लागार विचारणार. ज्या मुलीला स्वतःच्या सहीने पाण्याचे दाखले द्यायचे आहेत, तिच्या पहिल्याच अहवालात रिकाम्या गावात कळशीने पाणी भरणारी माणसे... मला ते हसणे ऐकू येऊ लागले.

मी लिहिले : 'उपकरणांत बिघाड झाल्याने चाचणी ग्राह्य धरता येत नाही.' खाली सही केली.

सरपंच नाराज झाले, पण त्यांनी मला बोल लावला नाही. पंचायतीपुढे दुसरा कागद नव्हता, म्हणून योजनेच्याच सल्लागाराचा अहवाल मान्य झाला. सड्यावर बोअर पडले. मी प्रयोगशाळेचा विचार सोडला आणि हैदराबादची नोकरी घेतली. घरी सांगितले की गावात अजून सोयी नाहीत. भीतीने मी मागे फिरले असते तर निदान समजण्यासारखे होते. खरे कारण हे की त्या घरात राहायचे तर रोज सकाळी फिलूबाईंच्या समोर बसून चहा घ्यावा लागला असता.

दोन उन्हाळ्यांत खाडीचे खारे पाणी आत सरकून त्यांच्या विहिरीला मचूळ चव आली. तोवर त्या म्हापशाला गेल्या होत्या. घर बंद आहे. यंदा कौल होईल की नाही याची गावात चर्चा आहे, कारण बंगल्यांतली नवी मंडळी तीन दिवस बाहेर पडायला तयार नाहीत.

तिन्ही लॉगर मी स्वतःच्या खर्चाने उत्पादकाकडून तपासून घेतले. तिन्ही बिनचूक निघाले. नोंदी माझ्याकडे जशाच्या तशा आहेत. विषयातल्या दोन माणसांना मी गावाचे नाव न सांगता तो आलेख दाखवला. दोघेही म्हणाले, हाताने उपसलेली विहीर आहे, यात विचारण्यासारखे काय? यापलीकडे मला काही कळलेले नाही.

मागच्या महिन्यात फिलूबाईंचा फोन आला. नातवंडांचे, गुडघ्यांचे बोलणे झाले. मग त्या म्हणाल्या, "चेडवा, एक विचारतंय. तुज्या मशीनीत खरांच बिघाड होतो?"

मी म्हटले, "हो, बाई."

चाळीस वर्षे मुलांच्या पाट्या तपासलेल्या त्या बाई म्हणाल्या, वेळेवर जेवत जा, आणि फोन ठेवला.