माझ्या भांडवलाचा भात

नवरा गेल्यावर पोटासाठी मी दिरांबरोबर लोणावळ्यात स्टेशनाजवळ खानावळ काढली आणि पहिल्याच दिवशी शुद्ध मूर्खपणा केला. त्यांनी रोख पैसे घालून भांडी-बाकडी घेतली, पावत्या जपून ठेवल्या. माझा वाटा म्हणून मी आंदर मावळातल्या माहेराहून गाडीभर आंबेमोहर आणला.

"वैनी, भाव लावून कागदावर मांडू का?" दिरांनी विचारलं.

मी नाक उडवलं, "माहेरच्या तांदळाला कुनी भाव लावतं व्हय, भावजी?" तोरा असा, जणू मोतीच आणले होते!

पुढे दर सुगीला गाडी आणत राहिले. दोन वर्षांनी त्यांनी खानावळ विकायला काढली. मी अर्धा वाटा मागितला. दीर बाकड्यावर हात ठेवून म्हणाले, "माजं भांडवल हे हितं उभं हाय, वैनी. तुमचं गिऱ्हाइकांनी कवाच खाल्लं."