अंदमानच्या समुद्रात हट्ट्याचा मुटका

आता माझ्या अकलेचे काय धिंडवडे सांगू तुम्हाला! चहाचा कप आधी खाली ठेवा, उगं अंगावर सांडाल.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी हट्टा नावाच्या गावी मास्तर होतो. बायकोचा भाऊ अंदमानात नोकरीला. त्याचं पत्र आलं, ‘दाजी, सुट्टीत या. एक पाणबुड्या माझा दोस्त आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून तुम्हाला समुद्राचा तळ दाखवतो.’

झालं! अख्ख्या गावात मी दवंडी पिटली. सरपंच म्हणाले, “गुरुजी, आले की सत्कार! तळाचं समदं सांगायचं बरं का!”

बायकोला घेऊन गेलो. नावेतून खाली वाकलो तर पाणी कसलं नितळ! रंगीत प्रवाळ, निळे-पिवळे मासे, मधेच काळे गोल झुबके. पाणबुड्या टाकी काढता काढता म्हणाला, “मास्टरजी, पहले सीढ़ी से धीरे धीरे उतरो.”

शिडी? मला? भर उन्हाळ्यात विहिरीच्या काठावरून मुटका मारणारा गडी मी!

बायको ओरडली, “अहो, काहून आगाऊपणा करून राहिले?”

तोवर गुडघे पोटाशी घेऊन मी उडी टाकलीसुद्धा. पाणी निघालं कमरेएवढं! आमच्या विहिरीचा तळ कधी दिसत न्हाई, मग दिसणारा तळ किती जवळ असतो हे मला कुठून ठाऊक? बसलो तो थेट काळ्या झुबक्यावर. झुबका कशाचा, समुद्रातलं साळिंदर ते! अंगभर काटे, अन् मोडले ते सगळे माझ्या बैठकीत.

बुडी राहिली बाजूला. बायकोनं निघाले तेवढे काटे उपसले. बोटीत उभा, रेल्वेत उभा, यष्टीत उभा, असा मी हट्ट्याला पोचलो.

सत्काराला खुर्ची मांडलेली. आता खरं सांगावं तर अब्रू जाते! म्हणालो, “वडीलधाऱ्यांपुढं मी कसा बसू?”

“बघा, समुद्र पाहून आले, पण गर्व न्हाई!” सरपंच गहिवरले. “गुरुजी उभे, मंग आमी काहून बसावं?”

समदं गाव उभं राहिलं! म्हातारे काठ्या टेकून, लेकुरवाळ्या बाया लेकरं घेऊन. अन् मी तासभर न पाहिलेल्या तळाच्या थापा मारून राहिलो. लाज वाटत होती, पण थांबवेना.

शेवटी लिंबाजी धनगर कण्हत पुढं आला. “गुरुजी, दोन पावलं चाला बरं.”

चाललो.

“काटे मोडलेत. आरं, मेंढरं राखण्यात जल्म गेला माझा, चाल वळखतो मी!”

सगळे धपाधप खाली बसले. बायकोनं तिथंच खरं काय ते सांगून टाकलं. मला बाजेवर पालथं पाडलं, अन् लिंबाजीनं कमरेला खोचलेला काटे उपसायचा चिमटा बाहेर काढला. एक काळा काटा उपसून त्यानं उन्हात धरला, निरखला, अन् साऱ्या गावाला ऐकू जाईल असं विचारलं,

“गुरुजी, काट्यावर बसायला इतक्या लांब काहून गेलते? हट्ट्यात बाभळी काय कमी हायेत?”