निर्गुडेच्या घाटावरची माती

बाबा कोळसाखाणीतून निवृत्त झाले, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आयुष्यभर त्यांनी शॉवेल चालवली होती. शॉवेल म्हणजे एका घासात अर्धा ट्रक माती उचलणारं अवाढव्य यंत्र. मी तेव्हा वणीतच एका शाळेत शिकवत होते आणि आईबाबांजवळ राहत होते.

सकाळी फिरायला म्हणून जाणारे बाबा एक दिवस गुडघ्यापर्यंत मातीनं माखून परतले. आई अंगणातच होती.

"कुठी गेलते तुमी? चिखलात लोळले काय?"

"नदीवर. जुना घाट दिसून राह्यला थोडासा."

आमच्या गावातून निर्गुडा वाहते. वाहते म्हणायचं, एरवी उन्हाळ्यात तिचं डबकंच होतं. तिच्या काठाला दगडी घाट आहे हे मी ऐकून होते, पण पाहिला नव्हता. गाळ, प्लास्टिक आणि बेशरमाच्या झुडपांखाली तो केव्हाच गेला होता. कोणी म्हणे भोसल्यांच्या वेळचा, कोणी म्हणे त्याहून जुना. खरं कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची कोणाला गरजही वाटत नव्हती.

बाबा मात्र रोज फावडं घेऊन जाऊ लागले. मला वाटलं, रिकामपण खायला उठत असेल. मीही शाळेला सुट्टी लागल्यावर घमेलं उचललं. पुलावरून जाणारे लोक गाडी हळू करून बघायचे. काही हसायचे. चहाटपरीवाला मात्र न सांगता दोन कप पाठवून द्यायचा. वरच्या पायऱ्या उघड्या पडल्या तेव्हा दगडावर बायकांनी धुणं आपटून आपटून पाडलेले गुळगुळीत खोलगट भाग दिसले. बाबा त्यावरून तळहात फिरवत बसले.

वॉर्डातल्या नगरसेवकाला हे कळलं. त्यानं एका सकाळी जेसीबी पाठवला. मला आनंद झाला, काम दोन तासांत होणार होतं. पण पहिल्याच घासाला बकेट दगडाला घासली आणि बाबा ओरडले, "थांब, थांब! खाली उतर!"

चालवणारा पोरगा घाबरून उतरला. बाबा स्वतः केबिनमध्ये चढले. मला वाटलं, आता बघण्यासारखं काहीतरी होणार. त्यांनी दांड्यावर हात ठेवला. पण दांडा न हलवताच खाली उतरले.

"घेऊन जा बापू मशीन," ते त्या पोराला म्हणाले. "आमी हातानंच काढू."

त्या दिवशी जेवताना त्यांनी सांगितलं. त्यांचं गाव वर्धा नदीच्या काठी होतं. खाण वाढत वाढत गावापर्यंत आली, लोकांना दुसरीकडे वसवलं, हे मला ठाऊक होतं. पण रिकाम्या गावावर जी शॉवेल चालली, ती बाबांनी चालवली होती, हे माहीत नव्हतं.

"ड्युटीच लागली होती," ते म्हणाले. "मारुतीचा पार, नदीच्या पायऱ्या, आपलं घर. सगळं मीच उचललं. माही आई पायऱ्यावर धुनं धुवाची अन् मी पान्यात पाय सोडून बसाचो. त्याच पायऱ्या."

आई ताटातलं वरण कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "मले माहीत होतं."

"तुले? कोनं सांगतलं?"

"कोनं कायले सांगतीन? त्या दिवशी डबा तसाच वापस आनला तुमी. अन् नंतर कधीच गावाचं नाव घेतलं नाई."

इतकी वर्षं दोघं एकाच घरात ती गोष्ट वेगवेगळी सांभाळत होती.

दुसऱ्या दिवशी आई खुरपं घेऊन आमच्यासोबत निघाली. आई आली म्हणून गल्लीतल्या दोघीतिघी आल्या, त्यांच्यामागून त्यांची माणसं. पाऊस पडायच्या आत पायऱ्या पाण्यापर्यंत मोकळ्या झाल्या. पुढे कोजागिरीला पोरींनी महिनाभर गाणी म्हणून पुजलेली मातीची भुलाबाई तिथंच विसर्जित केली. बाबा खालच्या पायरीवर उभे राहून एकेकीचा हात धरत होते.

सगळंच छान झालं असं नाही. पुरानं बराच गाळ परत आणून टाकला होता आणि कोपऱ्यात कचऱ्याच्या पिशव्याही पुन्हा दिसू लागल्या. मी चिडले. बाबा चिडले नाहीत. "काढू," एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर ते एकदम म्हणाले, "चला, चुलतभावाकडे जाऊन येऊ." चुलतकाका गावच्या लोकांसाठी वसवलेल्या नव्या वसाहतीत राहतात. त्यांच्याकडचं एकही लग्न, एकही बारसं बाबांनी कधी गाठलं नव्हतं. कधी ड्युटी, कधी तब्येत, काहीतरी निघायचंच.

काका फाटकात उभे होते. "काहून येत नव्हता रे इतके वर्स?"

बाबांनी चपलाही काढल्या नव्हत्या. तिथंच उभ्यानं म्हणाले, "आपल्या गावावर मशीन मीच चालवली होती, दादा."

"मालूम आहे," काका म्हणाले. "सगळ्या गावाले मालूम आहे. तू नसता तं दुसऱ्यानं चालवली असती. आमी तुह्यी वाट पाहून राह्यलो होतो."

आतून काकूनं आवाज दिला, भाकरी थंड होते म्हणून. काकांनी बाबांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. अंबाडीची भाजी होती. बाबा त्या दिवशी पोटभर जेवले, आणि जेवताना गावातल्या माणसांची नावं घेऊन कोण कुठं आहे ते विचारत राहिले.