यमुताईच्या बागेतलं बॉनेट

नागपूरच्या मनीषनगरात सुशील गावंडे यांच्या घरावरून जाणाऱ्याची नजर एकदा तरी पोर्चमध्ये अडकायचीच. तिथे आकाशी रंगाची एक जुनी गाडी उभी असायची. मागून पाहिली तर मोठी देखणी. समोरून पाहिली की वाटायचं, हिच्या कुणीतरी थोबाडीत ठेवून दिली आहे. पुढचा पत्रा आत दबलेला, एक दिवा गायब, दुसरा आभाळाकडे डोळा लावून बसलेला, आणि जाळीच्या जागी सुशीलरावांनी स्वतःच्या हाताने गुंडाळलेली तार.

ही स्टँडर्ड हेराल्ड. सुशीलराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते, लेक रितिका अजून शाळेतही जात नव्हती, तेव्हा सदर भागातल्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ती घेतली होती. घेतली त्यांनी, पण चालवली खरी त्यांच्या बायकोने. केंद्राच्या कॉलनीतल्या बायका तेव्हा लूनासुद्धा बिचकत चालवायच्या. हर्षाने मैदानात चार विटा मांडल्या, त्यांच्यामधून गाडी वळवायचा सराव केला आणि थोड्याच दिवसांत थेट नागपूरला जाऊन भाजी घेऊन आली. सुशीलरावांची पहिली पाळी सुटायची तेव्हा गेटबाहेर कधीकधी हेराल्ड उभी दिसायची. कोळशाने काळा झालेला नवरा गादीवर बसू नये म्हणून हर्षा आधीच जुनी चादर पसरून ठेवायची. गेटवरचे लोक पाहून हसायचे. सुशीलरावांना त्या हसण्याचा मनातून फार अभिमान वाटायचा.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना क्वार्टरसमोर उभ्या असलेल्या हेराल्डवर पाण्याचा टँकर मागे येताना चढला. कुणाला लागलं नाही, पण गाडीचं तोंड गेलं. हेराल्डची गंमत अशी की तिचं बॉनेट इतर गाड्यांसारखं नुसतं झाकण नसतं. दोन्ही मडगार्ड, दिवे, जाळी असं सगळं एकाच तुकड्यात असतं, आणि पेटीचं झाकण पुढे कलंडावं तसा तो सगळा तुकडा पुढे उघडतो. म्हणजे तोंड गेलं की सगळंच गेलं. सुशीलरावांनी रेडिएटर बदलून घेतला, इंजिन चालू ठेवलं, आणि निवृत्तीनंतर गाडी ओढून मनीषनगरच्या नव्या घरी आणली. "हळूहळू करू," ते म्हणाले. तेव्हा हर्षा शेजारीच उभी होती.

मग पुण्यात रितिकाला मुलगा झाला. हर्षा बाळंतपणासाठी गेली. रितिकाची रजा संपली, तशी ती आणखी काही महिने थांबली. मग पाळणाघर पसंत पडेना. मग पोराला, मोहितला, दमा निघाला. आता मोहित पहिलीत जात होता आणि हर्षा अजून पुण्यातच होती. मधे सणावाराला यायची, घर झाडायची, लोणचं घालायची, पुन्हा जायची. सुशीलरावांनीही पुण्याला जाऊन पाहिलं, पण त्या अकराव्या मजल्यावर त्यांना करमेना. रोज संध्याकाळी फोन व्हायचा.

"जेवले काय?"

"जेवलो. तू?"

"मोहितचं होऊन राहिलं, मंग बसते."

एवढं बोलून झालं की दोघंही थोडा वेळ फोन कानाला धरून गप्प राहायचे. परत ये, असं सुशीलराव कधी म्हणाले नाहीत. लेकीची ओढाताण दिसत असताना कसं म्हणणार? पण मनात त्यांनी एक बांधून ठेवलं होतं. हेराल्डला तोंड बसवायचं. ती रस्त्यावर आली की हर्षाला सांगायचं, गाडी तयार आहे. पुढचं तिचं तिला समजेल.

बॉनेट मिळेना. पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारांत फोन झाले, जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअॅप गटात फोटो टाकून झाले. कोइमतूरहून एका सज्जनाने दिव्याची रिंग पाठवली, ती दुसऱ्याच गाडीची निघाली. सदरच्या मागच्या गल्लीत गोलू नावाचा डेंटर, म्हणजे गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करणारा कारागीर, होता. नाव गोलू, वय पन्नाशीचं आणि अंगाने पैलवान. त्याने दबलेल्या पत्र्यावरून हात फिरवून मान हलवली.

"सुशीलभाऊ, ठोकून सरळ करतो मी, पन नाक नाई येनार जुनं. पत्रा फाटला हाये. दुसरं बॉनेट आना कोठूनबी, मंग पाहा."

शेवटी गटातल्याच एकाने कळवलं, काटोलच्या पुढे एका संत्र्याच्या बागेत हेराल्ड उभी आहे. रविवारी सकाळी सुशीलराव एस.टी.ने निघाले.

गाडी खरोखर होती. बागेच्या कडेला, कडुनिंबाखाली, चारही टायर मातीत रुतलेली, मलईसारख्या रंगाची. मागच्या सीटवर ठिबकच्या नळ्यांची वेटोळी रचलेली. पण तोंड! सुशीलराव पुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला. दोन्ही दिवे जागच्या जागी, जाळी शाबूत, नाकाची ती उतरती गोलाई जशीच्या तशी. थोडा गंज मडगार्डच्या खाली होता, तेवढाच.

बागेचा मालक सौरव चाळिशीचा, उत्साही माणूस. "घेऊन जा ना काका," तो लगेच म्हणाला, "पुरी गाडीच घेऊन जा. जागा अडवून राहिली फालतू."

"कोन नेते गाडी?"

आवाज मागून आला. सौरवची आई, यमुताई, काठी टेकत येत होती. सत्तरीच्या पुढची, सडपातळ, डोक्यावरून पदर घेतलेली. तिने सुशीलरावांना खालून वर पाहिलं.

"गाडी नाई देनार मी. जेवून जा, भाऊ."

आणि खरंच जेवू घातलं. भाकरी, वांग्याची भाजी, वर ताज्या संत्र्याच्या फोडी. गाडीचा विषय काढला की ती वाढायला उठायची. सौरव निघताना बांधापर्यंत पोचवायला आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा गेल्यापासून असंच हाये. रोज दुपारून जाऊन बसते त्यात. मी काय बोलू?"

त्याचे बाबा म्हणजे रामाजी. बहार चांगला आला त्या वर्षी त्यांनी ही गाडी घेतली होती आणि बायकोला शेजारी बसवून नागपूरला, सीताबर्डीला लुगडी घ्यायला नेलं होतं. हे सगळं सुशीलरावांना दुसऱ्या खेपेला कळलं. कारण पंधरवड्याने ते पुन्हा गेले. का गेले, त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. बॉनेट तर हवंच होतं. पण त्या बाईसमोर बसून निवांत जेवलेलंही त्यांना आठवत राहिलं होतं.

यमुताई गाडीतच होती, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, दार उघडं टाकून. समोरच्या काचेतून बॉनेटचा मलईरंगी उंचवटा आणि त्यापलीकडे झाडांची रांग दिसत होती.

"पुन्हा आला काय गा?"

"आलो."

"बस इकडे." तिने स्टिअरिंगच्या बाजूला हात केला. सुशीलराव वळसा घालून आत बसले. सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. तिने विचारलं, "येवढं काहून लागते तुले हे? घरी कोन हाये?"

मग सुशीलरावांनी सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं त्या रुतलेल्या गाडीत बसून, काचेकडे पाहत सांगितलं. कॉलनी, मैदानातल्या विटा, गेटवरची चादर. टँकर. पुणं. रिकाम्या घरात एकाच ताटाचा होणारा आवाज. "गाडी झाली की तिले सांगीन म्हनतो," ते म्हणाले, "मंग ती येईन."

यमुताईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"बाई जिती हाये ना तुयी?"

"हो."

"फोनवर बोलते ना?"

"रोज."

"मंग लोखंडाले काहून मधात घालतं, बापा? तोंड तुले हाये ना? ये म्हन तिले." तिने समोरच्या काचेकडे पाहिलं. "मी म्हनते रोज. कोनी येत नाई."

सुशीलराव स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसत राहिले. वाऱ्याने कडुनिंबाची पानं काचेवर पडत होती. यमुताईने पदराने डोळे टिपले आणि एकदम व्यवहाराच्या सुरात विचारलं, "तुया गाडीचं तोंड कोठून दबलं? पुरं, का नाकच?"

"नाकच. मागचा भाग चांगला आहे."

"आतून बसलं तं नाक दिसते काय?"

सुशीलरावांनी समोर पाहिलं. खरंच, आत बसणाऱ्याला नाक दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त मागचा उंचवटा.

"तुयं तुटकं इथं आनून लाव," यमुताई म्हणाली. "रंग मात्र हाच पाह्यजे. मी बसली की यायची गाडी वाटली पाह्यजे मले. मंग ने हे."

'यायची' म्हणजे रामाजींची, हे त्यांना क्षणभराने कळलं.

गोलूने हे ऐकलं तेव्हा तो हातोडी खाली ठेवून हसायलाच लागला. पण काम त्याने मनापासून केलं. मनीषनगरचं दबलेलं बॉनेट उतरवलं, जमेल तेवढं ठोकून काढलं, फाटलेल्या जागी पत्रा जोडला आणि त्यावर मलई रंग चढवला. रंग जुळतो की नाही ते पाहायला सुशीलराव यमुताईकडून गाडीच्या दाराची एक पट्टी काढून घेऊन आले होते. पावसाळा सरल्यावर ते बॉनेट गोधड्यांत बांधून 'छोटा हत्ती' टेम्पोवर चढवलं आणि बागेत नेलं. चौघांनी एक उतरवलं, दुसरं चढवलं. यमुताई खुर्ची टाकून पाहत बसली होती. काम झाल्यावर ती आत जाऊन बसली, दार ओढून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आली नाही. कुणी तिला हाक मारली नाही.

मनीषनगरात बसवायचं काम त्याहून कठीण निघालं. बॉनेट गाडीवर आलं, पण बसेना. डाव्या दाराशी बोटभर फट, उजवीकडे पत्रा पत्र्याला घासणारा. गोलू समोरच्या बिजागऱ्या सैल करायचा, सुशीलराव मागून दाबायचे, गोलू ओरडायचा, "बस! आता हलू नका." मग पुन्हा उघडायचं, बिजागरीखाली पट्टी सरकवायची, पुन्हा मिटायचं. डावीकडचं जमलं की उजवीकडचं बिघडायचं. शेजारचे लोक चहा घेऊन येऊन सल्ले देऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी गोलूने बॉनेट हलकेच सोडलं आणि ते दोन्ही बाजूंनी एकसारखं खाली बसलं. बाजूच्या कड्या खट्‌कन लागल्या. गोलूने फटीवरून नख फिरवलं आणि तंबाखूची डबी काढली. आकाशी अंगावर मलईरंगी तोंड. रंग पुढच्या आठवड्यात द्यायचा होता, पण सुशीलरावांना ती तशीच फार आवडली.

त्या संध्याकाळी फोन आला.

"जेवले काय?"

"हर्षा," ते म्हणाले, "तू परत ये."

तिकडे मोहितच्या टीव्हीचा आवाज येत होता, तो थोड्या वेळाने दूर गेला. ती बहुतेक गॅलरीत आली असावी.

"काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. काही झालं नाही. मला करमत नाही तुझ्याबिगर. तू गेलीस त्या पहिल्या वर्षापासूनच नाही."

मग हर्षा म्हणाली, "मंग इतके दिवस काहून नाही म्हटलं? मले वाटे, तुम्हाले एकट्यालेच बरं वाटते. मी आली की तुम्ही त्या गाडीखाली घुसून राहता." आणि ती रडत होती की हसत होती, ते त्यांना कळलं नाही. गाडीला तोंड बसल्याचं सांगायचं राहूनच गेलं.

हिवाळ्यात ती आली. रितिकाने दोन आठवडे घरून काम मागून घेतलं होतं. हर्षाने पोर्चमध्ये पाऊल टाकलं, गाडीला एक चक्कर मारली, सुशीलरावांकडे हात केला. "किल्ली."

त्यांनी दिली. तिने आधी सीट पुढे ओढली, आरसा वळवला, मग दोघं निघाले. ती वर्धा रोडच्या गर्दीत न शिरता आतल्या रस्त्यांनी हळूहळू गाडी नेत होती. क्लच आठवायला वेळ लागला, दोनदा गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवले. सुशीलराव शेजारी बसून तिचे हात पाहत राहिले. हातांवर शिरा आल्या होत्या, त्या कधी आल्या हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

एक दिवस ती त्यांना काटोलकडे घेऊन गेली. यमुताईने हर्षाला जवळ बसवलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "आता राह्यशील ना वं?"

हर्षाने खोटं सांगितलं नाही. पोराची पहिली संपेपर्यंत तरी जावं लागेल, म्हणाली. नंतरचं रितिकाशी बोलणं झालंय, मोहितला सांभाळायला बाई पाहणं चालू आहे, मे महिन्यात पाहू. यमुताई नुसती मान हलवत राहिली.

दोन आठवडे सरले. सुशीलराव तिला स्टेशनवर सोडायला हेराल्डनेच गेले. जाताना तीच चालवत होती. फलाटावर रेल्वे लागली, ती चढली, तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्यांनी तो रेल्वे हलेपर्यंत धरून ठेवला. मग ती म्हणाली, "उद्या फोनवर नुसतं जेवलो म्हणून गप्प बसू नका हं. अजून काही बोलत जा."

ते बाहेर आले, हेराल्डचं दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट तिच्या मापाने पुढे ओढलेली होती. खालची कडी दाबली असती तर ती मागे सरकली असती. त्यांनी हात खाली नेला, मग तसाच वर घेतला, पाय दुमडून कसेबसे क्लच-ब्रेकवर ठेवले आणि गर्दीतून हळूहळू मनीषनगरकडे निघाले.