आधी पाण्याला विचार

"आधी पाण्याला विचार, मग रंगाला." रंगारीण आत्याचं हे ठरलेलं बोलणं. चाळीस वर्षं ती कापड रंगवत आली, आणि दर वेळी रंग कालवण्याआधी पिंपातलंच तांब्याभर पाणी घेऊन साबणाने हात धूत आली. लोक हसायचे. तिच्या हाताखाली तयार झालेली भाचीही मनात म्हणायची, पुन्हा निळेच व्हायचेत ना हात, मग एवढा थाट कशाला?

आता आत्याचे गुडघे बोलू लागले होते. नाट्यगृहाच्या निळ्या पडद्यांचं काम आलं तेव्हा ती म्हणाली, "हे तू एकटीने कर. नीट उतरलं तर उद्यापासून कारखाना तुझा. नाहीतर मी आहेच तुझ्या डोक्यावर." आणि दाराशी स्टुलावर जाऊन बसली.

सहा वर्षं भाचीने याच दिवसाची वाट पाहिली होती. तिने मीठ तोललं. मीठ रंगाला पाण्यातून कापडाकडे ढकलतं. मग धुण्याचा सोडा घातला. सोड्यामुळे रंग धाग्याला पक्का धरून बसतो. आधी छोट्या पातेल्यात नमुन्याचा तुकडा बुडवला. वेळ भरल्यावर वर काढला, तर निळ्यावर जागोजागी ठिपके, कोंबड्यांनी टिपल्यासारखे.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या तुकड्याला तिने मीठ वाढवलं. ठिपके तसेच. तिसऱ्याला सोडा कमी केला. रंग फिका, ठिपके होतेच.

आत्याने स्टूल थोडं पुढे ओढलं.

सोड्याने बोटं बुळबुळीत झाली होती. भाचीने चिडून पिंपातलं पाणी घेतलं, साबण चोळला. फेसच येईना. तळव्यांवर नुसता दह्यासारखा चोथा. ती थबकली. मग तिने चहाची किटली उघडून पाहिली. सकाळपासून आत पांढरा थर धरला होता. त्यावर व्हिनेगर टाकताच तो फसफसला.

"आत्या, हे नळाचं पाणी नाही! कालपासून नळ दुरुस्तीला आहे, पिंप बोअरच्या पाण्याने भरलंय. जड पाणी! याच्यातले क्षार सोड्याला भेटले आणि साका धरला, तेच हे ठिपके."

"कळलं का एकदाचं?"

"तुला कधी कळलं?"

"सकाळी. चहावर तवंग होता."

"आणि तीन तुकडे नासेपर्यंत गप्प बसलीस? काय बाई आहेस!"

"माझ्या तोंडून ऐकलं असतंस, तर पाण्याला कधी विचारलं असतंस गं?"

गच्चीवरच्या टाकीत पावसाचं पाणी साठवलेलं होतं. भाचीने त्यातलं तांब्याभर घेऊन साबणाने हात धुतले. कोपरापर्यंत फेस! नवा तुकडा एकसारखा, गडद निळा उतरला. मग तिने पडदे घेतले. शेवटी व्हिनेगरच्या पाण्यातून काढून उरलासुरला सोडा घालवला, आणि संध्याकाळपर्यंत अंगणभर निळे पडदे वाऱ्यावर फुगले.

आत्याने प्रत्येक पडद्याची कड उलटून पाहिली, खोड काढायला काहीच सापडलं नाही म्हणून नाक मुरडलं, आणि ॲप्रन काढून खुंटीला अडकवला.

"किटली घासून ठेव," एवढंच बोलली आणि निघाली.

पडद्यांमधल्या वाटेने, गुडघ्यांना सांभाळत, सावकाश. फाटकापाशी तिने निळ्या नखांचा हात मागे न वळताच वर केला. भाची हात धुता धुताच दारात येऊन बघत होती. तिच्या कोपरावर थोडा फेस अजून तसाच होता.