पुढे वाच, हवालदार

चांगुणाने धोंडिबाला भावजी म्हणायचं सोडलं ते शेहेचाळीस साली, आणि पुढची पंचेचाळीस वर्षं ते तिच्या तोंडून एकदासुद्धा चुकून निघालं नाही. नात्याने तो तिचा चुलत दीर, नवऱ्याहून वर्षभराने धाकटा. गाव सोडून बुवापाड्यात राहायला आल्यावरही दोघांची घरं चार दारं सोडून. पाणी एकाच नळावर, वंदना एकाच विहारात. तो समोरून आला की ती पदर सावरायची नाही की बाजूला व्हायची नाही. "काय हवालदार," एवढंच म्हणायची. धोंडिबा पलटणीतून नाईक होऊन आला होता. हवालदार त्याने स्वतःच स्वतःला केलं होतं. चांगुणा तो शब्द असा काही उच्चारायची की नळावरच्या बायका हंड्यात तोंड घालून हसायच्या.

झालं होतं ते असं. त्रेचाळीस साली हे दोघे भाऊ, चांगुणाचा नवरा सोमा आणि धोंडिबा, बदलापुराकडच्या त्यांच्या गावातून एकाच दिवशी भरती झाले. चांगुणा तेव्हा सोळा वर्षांची, वेणू पोटात. बर्माला धाडायच्या आधी फौज कल्याण कॅम्पात ठेवली होती. पुढे त्याच बराकींत सिंधी लोक राहायला आले आणि त्याचं उल्हासनगर झालं. चांगुणा भाकरी आणि सुकट बांधून गावाहून चालत तिथे गेली. सोमाने तारेच्या कुंपणातून भाकरी घेतली, एक घास खाल्ला आणि म्हणाला, "मीठ कमी पडलंय." मग शिट्टी वाजली आणि तो गेला. बायका नवऱ्याच्या शेवटच्या बोलण्याचं काय काय सांगतात. हिच्या वाट्याला मीठ आलं.

लढाई संपली, आणि शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात धोंडिबा एकटाच परत आला. सगळी वस्ती गोळा झाली. कुणी नारळ फोडला, कुणी बुटांना हात लावून पाहिला. तीन वर्षांची वेणू कडेवर घेऊन चांगुणा पुढे झाली आणि सगळ्यांदेखत तिने विचारलं, "तुम्ही आलात भावजी. आणि ते? त्यांना कुठे टाकून आलात?"

धोंडिबाचं तोंड पांढरं पडलं. लोक वाट बघत राहिले. मग तो म्हणाला, "तुझा नवरा पळाला. बर्माची बाई ठेवून बसलाय तिकडे."

पळालेल्या शिपायाला शोधायला पोलीस कसे आले नाहीत, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. लोकांना बर्माची बाईच फार आवडली. दोन-चार वर्षांत तिचं नाक कसं, लुगडं कसं, हेसुद्धा लोक सांगायला लागले. वेणूचं पहिलं लग्न मोडलं ते "पळपुट्याची पोर" म्हणून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कधीकधी भाकऱ्या थापता थापता चांगुणाच्याही मनात यायचं, खरंच असेल का? कुणाच्या तरी हातची भाकरी खात बसला असेल का तो, मीठ बरोबर पडलेली? नवऱ्याची बदनामी केली, ती तिने एकवेळ गिळली असती. पण धोंडिबाने तिच्याच मनात ही घाण टाकली, ती धुतली जात नव्हती. सकाळी उठल्यावर पहिली आठवण धोंडिबाची यायची, नवऱ्याची दुसरी. त्याचाही हिशोब तिने धोंडिबाच्याच नावावर लावला.

नव्वद साल उजाडलं. पुढच्या जयंतीला बाबासाहेबांना शंभर वर्षं होणार, म्हणून विहाराच्या कमिटीने ठरवलं की गावाहून पलटणीत गेलेल्यांच्या नावाचा एक दगड बसवायचा. यादी करायचं काम अर्थातच हवालदाराकडे. त्याने अकरा नावं वाचली. सोमाचं नव्हतं.

"आणि सोमा?" चांगुणा बायकांच्या बाजूने उठून उभी राहिली.

"पळालेल्याचं नाव दगडावर घालत नाहीत, वहिनी."

"पळाला कशावरून?"

"मग मेला कशावरून? कागद आण. कबर दाखव." धोंडिबाने सभेकडे वळून हात पसरले. "कबर दाखव, मी स्वतः छिन्नी घेऊन नाव कोरतो!"

लोक हसले. चांगुणा हसणं थांबेपर्यंत उभी राहिली.

"आणते कागद," ती म्हणाली. "आणि तुझ्याच तोंडून वाचून घेते."

पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं असतं, एवढी माहिती वेणूने काढली. वेणू सातवी शिकलेली, कारखान्यात नोकरीला. तिने अर्ज मांडीवर घेऊन भरायला घेतला. नाव, सोमा राघो भालेराव. भालेराव हे आडनाव वेणूला शाळेत घालताना लावलेलं. धर्माच्या रकान्यापाशी ती थांबली.

"थांबतेस काय? बौद्ध लिही," चांगुणा म्हणाली. "ठळक लिही."

छप्पन साली ती पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेऊन आली होती, आणि देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून मांजर्लीच्या बाजूला नदीत सोडून आली होती. त्या दिवसापासून कुठल्याही कागदावर तिने दुसरं काही लिहू दिलं नव्हतं. ह्या कागदावर कसं देईल?

चार महिन्यांनी उत्तर आलं. दिलेल्या माहितीप्रमाणे असा कोणी शिपाई आमच्या पलटणीत नव्हता.

टपाल गुपचूप राहत नाही. दुसऱ्या दिवशी नळावर धोंडिबा कळशी घेऊन आला. स्वतःची कळशी त्याने जन्मात कधी उचलली नव्हती, पण त्या दिवशी उचलली.

"मेलेल्यांत नाव नाही म्हणे," तो म्हणाला. "म्हणजे जिवंत आहे की! पेढे वाट वहिनी. आणि कुंकू लाव."

नळावर कुणी हसलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. चांगुणाने आपला हंडा भरेपर्यंत दम धरला. डोक्यावर घेतला. आणि जाता जाता एवढंच म्हणाली, "लावीन. तुझ्या कपाळाला."

त्या दिवसांत ती उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून जीन्सचे गठ्ठे आणायची, शिलाईचे लोंबणारे धागे कापायला. कारखाना म्हणजे एक जुनी बराक, आत बारा मशिनी आणि गल्ल्यावर लीलाराम सेठ. सत्तरीचा म्हातारा, बनियनवर बसायचा आणि प्रत्येक पँट उलटी करून बघायचा.

"माई, धागा काटने को बोला था. तूने तो खिसा काट दिया. किसका गला समझके काटा?"

चांगुणाने सांगितलं, कुणाचा. सगळंच सांगितलं, आणि पिशवीतून अर्जाची नक्कल काढून दिली. लीलारामने चष्मा लावला आणि वाचून मान हलवली.

"ऐसे कैसे मिलेगा? सुन. हम लोग इधर आया, तो सरकार बोली, उधर जो छोडा उसका क्लेम भरो. मैं क्या लिखता? बारक नंबर फलाना, उल्हासनगर? सरकार बोलती, सिंध में इस आदमी का कुछ था ही नहीं. मैंने उधर का मोहल्ला लिखा, उधर का दरवाजा लिखा. जिस साल का कागज, उस साल की बात लिखने की. तेरा आदमी भरती हुआ तब क्या था? भालेराव था? बौद्ध था?"

चांगुणा उठली. गठ्ठा उचलला आणि चालू लागली.

तीन दिवस ती कामाला गेली नाही. जो शब्द तिने टोपलीतल्या देवांबरोबर नदीत सोडला, तो परत उचलून नवऱ्याच्या नावापुढे मांडायचा? वेणू म्हणाली, "आई, राहू दे. एक दगडच तर आहे." चांगुणाने तिच्याकडे असं बघितलं की वेणू ताट घेऊन उठून गेली. चौथ्या दिवशी ती लीलारामपुढे जाऊन बसली.

"लिहा सेठ. इंग्रजीत लिहा. सोमा राघो. जात महार. वारस, त्याची आई लिहा, तेव्हा त्याने तिचंच नाव दिलं असणार. पण खाली अजून एक ओळ घाला."

"क्या?"

"की ही जात त्याची, तेव्हाची. त्याच्या बायकोची नाही."

लीलारामने तिच्याकडे बघितलं, आणि जशीच्या तशी ओळ घातली.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत उत्तर आलं. ह्या वेळी पाकीट जाड होतं. चांगुणा ते न फोडता कॅम्प तीनला घेऊन गेली. लीलारामने मशिनी बंद करायला लावल्या आणि वाचलं. सोमा राघो, शिपाई, मार्च पंचेचाळीस, बर्मात लढताना मरण. कबर नाही, रंगूनला हजारो शिपायांच्या नावांचं स्मारक आहे, त्यात त्याचं नाव कोरलेलं आहे. आईच्या नावे कळवलं होतं, पण ती आधीच वारल्यामुळे पत्र परत आलं.

"रंगूनला आहे," चांगुणा म्हणाली. "एवढ्या लांब आहे, आणि बुवापाड्यात नाही."

"रुक माई. अभी बाकी है." लीलारामने शेवटची ओळ वाचली, मग परत मनाशी वाचली, मग चष्मा काढून तिला सांगितली.

"नाव वाचा," ती म्हणाली. "परत वाचा."

त्याने परत वाचलं. चांगुणा हसली. पंचेचाळीस वर्षांत ती पहिल्यांदा तशी हसली, आणि लीलारामला म्हणे थोडी भीती वाटली.

पाकीट आलं हे वस्तीला कळलं, पण आत काय आहे ह्याचा तिने पुढचे दोन महिने ब्र काढला नाही. लीलारामने समजावलेला सगळा मजकूर वेणूकडून मराठीत, मोठ्या अक्षरांत उतरवून घेतला, घडी केली आणि डाळीच्या डब्यात ठेवली. रोज डबा उघडून बघायची. नळावर धोंडिबा दिसला की विचारायची, "काय हवालदार, चष्म्याचा नंबर तपासलास का? वय झालं आता." तिचा गोड आवाज ऐकून धोंडिबाला बरं वाटलं. त्याला वाटलं, म्हातारी नमली.

जयंतीच्या दिवशी विहारापुढे मांडव होता. दगडावर निळं कापड. धोंडिबा इस्त्रीचा कोट घालून, छातीवर बिल्ले लावून बसलेला. त्याच्या हातात दोरी देणार, एवढ्यात चांगुणा उठली.

"कागद आणलाय," ती म्हणाली.

 तिने घडी पुढे धरली, आत मूळ इंग्रजी पत्रही होतं. धोंडिबाने इकडेतिकडे बघितलं. "वेणूला वाचू दे. तिचं अक्षर आहे."

"वेणूचा शब्द कोण मानेल? पळपुट्याची पोर ती. तू वाच. सगळ्यांपुढे ठरलंय."

धोंडिबाने वाचायला सुरुवात केली. नाव, गाव, साल. मरणाची तारीख त्याने खालच्या आवाजात वाचली. स्मारकाची ओळ वाचली. आणि मग थांबला. कागद हलायला लागला.

"झालं," तो म्हणाला.

"नाही झालं. पुढे वाच, हवालदार."

"वहिनी..."

"वाच."

"प्रेत ओळखणारा..." धोंडिबाने चष्मा सारखा केला. "प्रेत ओळखणारा आणि मरणाची साक्ष देणारा, त्याच तुकडीतला शिपाई धोंडिबा रामा."

 मग एकदम कालवा झाला. कुणी ओरडलं, ह्याचं नाव दगडावरून खरवडा. कमिटीच्या माणसांनीही माना हलवल्या. धोंडिबा कोटात बुडाल्यासारखा वाकून बसला होता. चांगुणाने हात वर केला.

"कुणी खरवडायचं नाही. राहू दे त्याचं नाव. त्याच्या नावाच्या वर सोमाचं घाला. आणि सोमाच्या खाली बारीक अक्षरांत घाला, 'मरण पाहणारा, धोंडिबा रामा'. छिन्नी हा स्वतः धरणार होता. पण हात कापतोय त्याचा. दुसरा माणूस आणा."

आठ दिवसांनी पाथरवट आला आणि तसं कोरून गेला. विहारापुढच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी बसायची धोंडिबाची तीस वर्षांची सवय. दगड बरोबर त्याच्यासमोर. आता चांगुणाही तिथे येऊन बसायला लागली.

"चष्मा आणलास ना हवालदार? वाच बघू."

पहिल्या दिवशी त्याने वाचलं. दुसऱ्या दिवशीही. येणाराजाणारा थांबून ऐकायचा. दहाव्या दिवशी कट्टा रिकामा होता, अकराव्यालाही. बाराव्या दिवशी चांगुणा त्याच्या घरी गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. सून म्हणाली, ताप आहे, जेवत नाहीत. चांगुणाने पाट ओढला आणि उशाशी बसली.

"दगड वाचायला आला नाहीस."

"मारून टाक मला वहिनी. एकदाचं मारून टाक."

"तुला मारलं तर मला सांगणार कोण? तिथे तू होतास. मी नव्हते."

 तो भिंतीलाच सांगितल्यासारखं सांगू लागला. नाला ओलांडायचा होता. सोमा पलीकडे पोचला होता, वाचला होता. धोंडिबा अलीकडच्या खड्ड्यात, त्याचे पाय उचलत नव्हते. सोमा त्याला आणायला परत फिरला. हात पुढे केला, आणि तेवढ्यात त्याला लागलं.

"गावात आलो तर तू सगळ्यांपुढे विचारलंस, कुठे टाकून आलात. टाकूनच आलो होतो ना मी. तोंडातून काहीतरी निघून गेलं. मग ते परत घेता आलं नाही."

चांगुणा ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने येऊ दिलं. पण ते धोंडिबासाठी नव्हतं, आणि तसं त्याला वाटू नये म्हणून तिने लगेच पुसलं. नवरा तिला परत मिळाला होता, हात पुढे केलेला. पण तो ह्या एकाच माणसाच्या डोळ्यांत होता, आणि हा माणूस सत्तरीकडे आला होता. सुनेला हाक मारून तिने पेज करायला सांगितली. वाटी स्वतः त्याच्या हातात दिली.

"प्या," ती म्हणाली. "तुम्हाला इतक्यात जाता यायचं नाही, भावजी."

तो शब्द ऐकून धोंडिबाने पहिल्यांदा तोंड वळवलं आणि तिच्याकडे बघितलं. त्याला वाटलं असेल, माफ केलं. चांगुणाने पाट अजून थोडा पुढे ओढला.

"आता पहिल्यापासून सांगा. त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं त्यांनी, तिथून. सावकाश सांगा. मी उद्या पण येणार आहे."