आठ-त्रेचाळीसचा सेट

पोस्टिंगचा फोन आला तेव्हा मी रजेवर होतो. उज्जैनला टावर चौकात वडिलांच्या चष्म्याची काडी बदलून घेत होतो. पलीकडून क्लार्क म्हणाला, "हवालदार काळे, रजा कॅन्सल. चार दिवसांत रिपोर्ट." मी दुकानदाराला म्हटलं, भई, राहू दे काडी, आहे तसा दे. वडिलांनी पुढे कितीतरी महिने दोरा बांधलेला चष्मा वापरला. माझा स्वभावच तसा. एका जागी बसवत नाही, समोरचा बोलत असताना माझा पाय हलत असतो. बायको म्हणते, तुम्ही जेवायला बसता तेही उकिडवे, जसं कोणी हाकलायलाच येणार आहे.

मी फौजेत गाड्यांचा मेकॅनिक होतो. ही पोस्टिंग लडाखकडच्या एका डिटॅचमेंटची होती. आम्ही अकरा माणसं, चार गाड्या, एक पत्र्याचं वर्कशॉप. चारी बाजूंनी डोंगर, मधे आम्ही खड्ड्यात. बाहेर निघायला एकच रस्ता: आधी चार किलोमीटरचा उभा चढ, आणि वर पोचलं की सत्तर किलोमीटर सरळ सपाट पठार. त्या पठाराच्या दुसऱ्या टोकाला हॉस्पिटल.

पहाटे साडेपाचला इंजिनं गरम करायची. सहाला चहा. साडेसहाला फॉलिन, म्हणजे रांगेत हजेरी. मग दिवसभर थंडीत हात काळे. सिव्हिलियन लोक विचारतात, फौजेत काय काय थरार असतो हो? थरार काही नसतो. स्पॅनर हाताला चिकटतो, एवढाच थरार.

पहिल्याच दिवशी अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर माझ्यासमोर उभा राहिला. नाईक दिगंबर मोरे. उंच, हडकुळा, दात जरा पुढे.

"उस्ताद, उज्जैन में कहाँ?"

"माधव नगर."

लगेच मराठीत आला. "अरे वा! मी नानाखेड्याचा. घरी डिगू म्हणतात."

अकरा माणसांत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. संध्याकाळी लंगरमधे, म्हणजे आमच्या जेवणघरात, बाकीचे आपापल्या भाषेत बोलायचे, आम्ही आमच्या उज्जैनी मराठीत, निम्मी हिंदी मिसळून. त्याची मुलगी पल्लवी तेव्हा पाच वर्षांची. तिचा फोटो खिशात घेऊन फिरायचा आणि एकच फोटो मला रोज नव्याने दाखवायचा. मी वैतागून म्हणायचो, "बघितला रे बाबा, कालही हीच होती."

सप्टेंबर संपता संपता अ‍ॅम्ब्युलन्सचा मागचा अ‍ॅक्सल कण्हायला लागला. उघडला. पिनियनचे दोन दात उडालेले. मी नवा सेट मागवला, तर स्टोअरने दोन वेगवेगळे सेट पाठवून दिले, बसेल तो बसवा म्हणून. बसत दोन्ही होते. इथेच सगळी गोम आहे, म्हणून जरा समजावून सांगतो.

मागच्या अ‍ॅक्सलच्या पोटात दोन गियर असतात. लहान तो पिनियन, मोठा तो क्राऊन. क्राऊनचे दात त्रेचाळीस. पिनियनचे आठ असतील तर चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनकडून सव्वापाचाच्या वर फेरे लागतात. गाडी भिंतीवरसुद्धा चढेल, पण सपाटीवर पळवली की इंजिन बोंबलतं. पिनियनचे दात दहा असतील तर सव्वाचार फेऱ्यांत काम होतं. हायवेवर गाडी मजेत, शांत चालते. पण चढ आला की धाप लागते. दोन्ही सुखं एका सेटमधे मिळत नाहीत. कोणी मेकॅनिक मिळतात म्हणाला तर तो फेकतोय असं समजा.

डिगू सेटपाशी उकिडवा बसला.

"उस्ताद, दहा-त्रेचाळीस टाका."

"का?"

"चढ चार किलोमीटर. सपाट सत्तर. चारसाठी सत्तर किलोमीटर डोकं फोडून घ्यायचं काय?"

"चढावरच बंद पडली तर तुझे सत्तर येतील कुठून?"

"नाही पडणार. मी चालवतो ना!"

"आत पेशंट असेल, बाहेर बर्फ असेल, तेव्हा?"

"पेशंटलाच तर त्रास होतो त्या आवाजाचा. पडून बघा एकदा मागे."

मला राग आला. खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणूनच राग आला. मी म्हटलं, "मेकॅनिक कोण? तू की मी?"

तो उठला. "तुम्ही, उस्ताद."

ओसी साहेबांना, म्हणजे आमच्या वरच्या अधिकाऱ्यांना, रेडिओवर विचारलं. ते म्हणाले, "काळे, गाडी तू बघितली आहेस. तू ठरव. ओव्हर." मी ठरवलं. आठ-त्रेचाळीस. दोन दिवस लागले. दातांना निळा रंग लावून खुणा बघितल्या, पिनियनमागची पत्री तीनदा बदलली. काम चोख केलं, त्यात आजही मला कोणी बोट दाखवू शकत नाही.

पहिल्या फेरीहून डिगू परत आला तो कानात कापसाचे बोळे घालून. मी काहीही विचारलं की हात कानामागे नेऊन म्हणायचा, "काय? काय म्हणता उस्ताद?" सगळं लंगर हसत होतं. मीसुद्धा हसलो, पण मनातून चिडलो होतो. सत्तरच्या वर वेग निघत नव्हता. दहा-त्रेचाळीस असता तर तेवढ्याच इंजिनवर ऐंशीच्या बरीच वर गेली असती, हे मला न मोजता कळत होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी डिगू इंजिन गरम करायला आला नाही. पाच चाळीसला मी बराकीत गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे. खोकला आला की फेस यायचा, गुलाबी. आमचा नर्सिंग असिस्टंट सेल्वम धावत आला, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. फुफ्फुसात पाणी. उंचीवर हे होतं, धडधाकट माणसालाही होतं, आणि तेव्हा लवकरात लवकर हॉस्पिटलात नेणं हाच इलाज.

रेडिओ घेतला. "एक पेशंट, सीरियस, फुफ्फुसात पाणी. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

उत्तर यायला सात वाजले. "वारा जास्त आहे. हेलिकॉप्टर नाही. रस्त्याने आणा. ओव्हर."

"रस्त्याने आणतो. आऊट."

दुसरा ड्रायव्हर रजेवर. चालवणार मी. स्ट्रेचर आत सरकवताना डिगूने डोळे उघडले. "उस्ताद, क्लचवर पाय ठेवून चालवू नका. तुम्हाला सवय आहे."

"गप पड," मी म्हटलं.

सात वीसला निघालो. चढावर रात्रीचा बर्फ कडक झालेला होता. गाडी दुसऱ्या गियरमधे चढली, एकदाही थांबली नाही, एकदाही घसरली नाही. सात छत्तीसला आम्ही वर. केबिन आणि मागच्या भागाच्या मधे एक हातभर खिडकी होती. त्या खिडकीतून मी ओरडलो, "बघ डिगू! दुसऱ्यात चढली!" सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला अभिमान वाटला. मागे माणूस श्वासासाठी धडपडतोय आणि मी माझं भांडण जिंकत होतो.

मग सपाट सुरू झालं. पाय तळापर्यंत दाबला. काटा सत्तरवर गेला आणि तिथेच बसला. इंजिनचा आवाज पत्र्यातून, सीटमधून, दातांमधून येत होता. मी स्टिअरिंगवर मुठी आपटत होतो, जसं काही गाडीला समजणारच होतं. चल ना माझे आई. चल ना.

आठ दहाच्या सुमाराला मागून डिगूचा आवाज यायला लागला. तो बोलत होता. थांबत होता, परत बोलत होता. शब्द कळत नव्हते. बोलण्याचा नुसता सूर कळत होता, मराठी आहे एवढं कळत होतं. मी मान मागे करून ओरडलो, "काय? डिगू, काय?" तो बोलतच राहिला. पाय उचलला असता, इंजिन शांत झालं असतं, ऐकू आलं असतं. अर्धं मिनिट गेलं असतं. मी पाय उचलला नाही. मला वाटलं, पोचल्यावर ऐकू. बोलतोय म्हणजे जिवंत आहे, बोलू दे.

आठ वीसला आवाज थांबला. आठ अठ्ठावीसला सेल्वमने खिडकीवर थाप मारून हातानेच खूण केली: श्वास थांबला. आठ छत्तीसला मी हॉस्पिटलच्या गेटात होतो. एमओ साहेब, म्हणजे तिथले डॉक्टर, गाडीत चढले, खाली उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, बारा मिनिटं आधी आणला असता तर?"

"काळे, असं काही सांगता येत नाही."

बारा हा आकडा मी उगाच काढला नव्हता. सत्तर किलोमीटर आठ-त्रेचाळीसने साठ मिनिटं, दहा-त्रेचाळीसने अठ्ठेचाळीस. म्हणजे आठ चोवीसला गेटात. पण तो बर्फाचा चढ दहा-त्रेचाळीसने चढलो असतो का, आणि किती वेळात, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. मी जेवताना, आंघोळीला, देवासमोर हात जोडूनसुद्धा ते गणित केलं आहे. ते सुटत नाही आणि मला सोडतही नाही.

सेल्वमला विचारलं, तो काय बोलत होता? त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "उस्ताद, वो अपनी भाषा में बोल रहा था. मेरे को समझ में नहीं आया." ती भाषा समजणारा त्या पठारावर एकच माणूस होता आणि तो गाडी चालवत होता.

मीच डिगूला घेऊन नानाखेड्याला आलो. सगळं उरकल्यावर सुनंदा वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मला एकच विचारलं. "भाऊजी, रस्त्यात त्यांना फार त्रास झाला का?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. झोपले होते. झोपेतच गेले."

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. मला वाटलं, चला, एक चांगलं काम केलं.

पेन्शनीत आल्यावर उज्जैनला छोटं गॅरेज टाकलं. गेल्या महिन्यात एक जुनी जीप दारात उभी राहिली. उतरली ती पल्लवी. आता इंजिनियर आहे, रस्त्यांच्या साइटवर असते, रोज इंदूर रोडने जा-ये करते.

"काका, चढबिढ काही नाही हो माझ्या रस्त्यात. सगळा फोर लेन. साठच्या वर गेली की नुसती बोंबलते. मागचा रेशो बदलून द्या ना."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. टायर कुठले, लोड किती, कच्च्यात जाते का. तिला दहा-त्रेचाळीस टाकून दिला. दुसऱ्या संध्याकाळी ती जीप घ्यायला आली तर म्हणाली, चला, तुम्हीही बसा, ट्रायल घेऊ आणि घरी चहा घेऊन जा. इंदूर रोडवर तिने ऐंशीवर नेली. गाडी मऊ चालत होती.

"वा काका! आता आत बोललेलं ऐकू येतं."

मी नानाखेड्यापर्यंत काट्याकडेच बघत राहिलो.

वहिनींनी चहा आणला. पल्लवी गाडी लावायला बाहेर गेली होती. मी उभाच होतो. म्हटलं, "वहिनी, मी खोटं बोललो होतो. डिगू झोपला नव्हता." आणि मग सगळं सांगितलं. दोन सेट, आमचं भांडण, काटा, बारा मिनिटं, खिडकी. एका दमात.

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, बारा मिनिटांचं विचारतील. शिव्या देतील. द्यायलाच पाहिजे होत्या.

"बोलत होते?"

"हो."

"एकोणीस वर्षं, भाऊजी! एकोणीस वर्षं मी कोणाला विचारलं नाही, शेवटी काय म्हणाले म्हणून. झोपलेला माणूस काय म्हणणार?" त्यांचा आवाज चढला. "काय म्हणाले?"

"ऐकू आलं नाही, वहिनी. इंजिनचा आवाज होता. मी पाय नाही उचलला."

मी फौजेत रडलो नाही, त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर रडलो. त्यांनी मला थांबा म्हटलं नाही, समजावलंही नाही. मग विचारलं, "किती वेळ बोलत होते?"

"दहा मिनिटं."

"सबंध दहा?"

"मधे मधे थांबत. पण दहा."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "फोनवर दोन मिनिटांच्या वर कधी बोलले नाहीत. ठीक, बरं, ठेवतो. एवढंच." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता झोपले होते असं कोणाला सांगू नका. दहा मिनिटं बोलले, असं सांगा."

म्हणून सांगतो. नाईक दिगंबर मोरे, ड्रायव्हर, राहणार नानाखेडा, उज्जैन, झोपेत गेला नाही. तो दहा मिनिटं मराठीत बोलत होता.